त्रयस्थाची हरकत

मंगळवारी सकाळी चष्मेवालीने दुकानाचं शटर वर केलं, मागे वळली, आणि फुटपाथवर बाक नव्हता. चार बोल्टांची चार भोकं तेवढी उरली होती, आणि वर्षानुवर्षं झाडू न पोचलेल्या धुळीचा एक लांबट चौकोन.

तसा बाक साधाच होता. लोखंडी, हिरवा, तिघं नीट बसतील एवढा. पण दुकानाचं निम्मं काम त्याच्यावर चालायचं. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आत असली की तिसऱ्याने कुठे जायचं? बाकावर. नवा चष्मा चढवला की चष्मेवाली माणसाला तिथेच नेऊन बसवायची आणि विचारायची, "समोरच्या दवाखान्याची पाटी वाचा बरं. खालची ओळ पण." ती वाचता आली की चष्मा पास.

आणि रोज सकाळी साडेनऊ ते साडेबारा तिथे तिचे सासरे बसायचे. दुकान मूळचं त्यांचं. सून शिकून तयार झाल्यावर त्यांनी किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि स्वतः बाहेर जाऊन बसले. तिचा नवरा मागच्या खोलीत काचा घासायचा. मशीनच्या आवाजात त्याला जगातलं काही ऐकू यायचं नाही, आणि याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती.

सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, शेजारी बसायचे रेडिओकाका. हे निवृत्त मोजणीदार. नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि आता त्या एकेक करून सांगत होते. कुठल्या शेताची हद्द कुठल्या झाडापासून किती हात सरकली होती, कुठल्या भावाने रात्रीतून दगड हलवला होता, सगळं तोंडपाठ. बटण नसलेला रेडिओ म्हणून गल्लीने नाव ठेवलं होतं, आणि त्यांनी ते कौतुक समजून घेतलं होतं.

"कोणी काढला?" त्या दिवशी रेडिओकाका फुटपाथवर उभे राहून कडाडले. "कोणाच्या हुकमाने? कारण काय?"

"जाऊ द्या हो," बाबा म्हणाले. "लोखंड जुनं झालं होतं."

"जुनं? मालक, बारा वर्षं म्हणजे लोखंडाचं बालपण!"

बाक गेला म्हणून रेडिओकाका यायचे थांबले नाहीत. ते आत आले. आरशासमोरच्या स्टुलावर बसले, बाबांना काउंटरमागे बसवलं, आणि शेताकडे जाणाऱ्या एका पाणंदीच्या वादात जिथे काल थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. आता दोघांमध्ये हातभराचं अंतर होतं आणि पळायला फुटपाथ नव्हता. गिऱ्हाइकं दारातून डोकावायची आणि "नंतर येतो" म्हणायची.

चौथ्या दिवशी चष्मेवाली नगर कार्यालयात गेली.

माहितीच्या खिडकीमागे एक कारकून होता. शांत, सभ्य, आणि चष्म्याची डावी काडी चिकटपट्टीने बांधलेली.

"आमच्या दुकानासमोरचा बाक का काढला, एवढंच विचारायचंय."

"कारण फाईलमध्ये असेल," तो म्हणाला.

"मग बघून सांगा की."

"फाईल बघायची तर अर्ज लागतो. आणि बघितलेलं सांगायचं तर उत्तर लागतं. उत्तराला तीस दिवस."

तिने तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला. जाता जाता त्याचा चष्मा मागून घेतला, पर्समधल्या बारीक पेचकसाने काडीचा स्क्रू बसवला आणि परत दिला. "हे लाच म्हणून नाही," ती म्हणाली. "मला बघवत नव्हतं."

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. एकच वाक्य होतं: मागितलेली माहिती उघड केल्यास सार्वजनिक सुरक्षिततेला बाधा येऊ शकते, सबब नाकारण्यात येत आहे.

तिने ते मोठ्याने वाचलं. इस्त्रीवाली हातातली इस्त्री उभी करून ऐकत होती. "बाकाने कोणाला मारलंय का?" तिने विचारलं. कोपऱ्यावरचा किल्लीवाला म्हणाला, बाकाखाली काहीतरी सापडलं असणार. कुठल्यातरी मंत्र्याची गाडी इथून जाणार आहे, असंही कोणीतरी म्हणालं. दुपारपर्यंत गल्लीत पाच कारणं तयार होती आणि एकही दुसऱ्याला पटत नव्हतं.

मुळात चष्मेवाली भांडखोर नव्हती. पण एखादी गोष्ट धूसर दिसली की ती स्वच्छ दिसेपर्यंत काच बदलत राहायची, हा तिचा धंदाच होता. तिने दुसरा अर्ज केला. या वेळी सुरक्षिततेचा विषयच निघू नये म्हणून साधं विचारलं: या रस्त्यावरच्या बाकाची नोंद दाखवा.

उत्तर आलं: 'बाक' या नावाची कोणतीही वस्तू कार्यालयाच्या नोंदीत आढळून येत नाही.

ती तडक खिडकीवर गेली. "बारा वर्षं आम्ही कशावर बसत होतो मग?"

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, आमच्याकडे बाक नसतो. आमच्याकडे 'आसन, लोखंडी, स्थिर' असतं."

"हे तुम्हाला आधी सांगता आलं नसतं?"

"तुम्ही आधी विचारलं नव्हतंत."

तिसऱ्या अर्जात तिने आसन मागितलं. लोखंडी, स्थिर, आणि त्याबद्दल जे जे काही कागदावर असेल ते सगळं. एव्हाना गल्ली तिच्या पाठीशी उभी राहिली होती. रेडिओकाकांनी एक मोठं निवेदन लिहून काढलं, त्याला जोडायला हाताने काढलेला नकाशा, त्यात चारही भोकांमधलं अंतर. "पहिली सही मालकांची!" ते म्हणाले आणि बाबांच्या हातात पेन दिलं. बाबांनी पेनाकडे पाहिलं, रेडिओकाकांकडे पाहिलं, आणि सही केली. मग इस्त्रीवालीने, किल्लीवाल्याने, दवाखान्यातल्या नर्सने, अशा एक्केचाळीस जणांनी.

बाबांचा उत्साह बघून सुनेला भरून यायचं. पोस्टमनची वेळ झाली की ते चपला घालून कोपऱ्यापर्यंत सामोरे जायचे, टपाल स्वतः घेऊन यायचे. "माझ्या अर्जाची माझ्यापेक्षा बाबांनाच काळजी," ती नवऱ्याला म्हणाली. "काय?" नवरा म्हणाला, कारण मशीन चालू होतं.

तिसरं उत्तर आलं ते वेगळंच होतं. या माहितीत एका त्रयस्थ व्यक्तीची खासगी बाब गुंतलेली असून सदर व्यक्तीस विचारणा केली असता तिने हरकत घेतली आहे, सबब नाकारण्यात येत आहे.

"म्हणजे कोणीतरी तक्रार केली होती!" रेडिओकाका स्टुलावरून उठले. "आपल्यातलंच कोणीतरी! मालक, ऐकलंत का?"

"ऐकलं," बाबा म्हणाले. त्यांना ठसका लागला.

"आता सोडून दे गं," संध्याकाळी ते सुनेला म्हणाले. "एवढ्याशा बाकासाठी किती खेटे घालशील?"

"आता बाकाचा प्रश्नच नाही बाबा. तीन वेळा नाही म्हणाले, आणि तिन्ही वेळा वेगळ्या कारणाने. मला आता नाहीचं कारण हवंय."

तिने अपील केलं.

सुनावणीच्या दिवशी बाबांचा गुडघा अचानक धरला, म्हणून सोबत रेडिओकाका आले. अपील अधिकारी बाई होत्या. टेबलावर फायलींचे दोन मनोरे आणि त्यांच्यामधल्या फटीतून दिसणारा त्यांचा चेहरा. कारकून फाईल घेऊन कडेला उभा होता.

"पहिल्यांदा सुरक्षितता का लिहिली?" बाईंनी विचारलं.

"तक्रार बोलण्याच्या आवाजाबद्दल होती," कारकून म्हणाला. "आवाज शांतताभंगाच्या सदरात जातो. शांतताभंग सुरक्षिततेच्या कपाटात जातो. त्या कपाटातलं काहीच बाहेर देत नाहीत."

"आणि मग बाक काढण्याचा हुकूम कोणी दिला?"

"हुकूम असा नाही. तक्रारीत उपाय सुचवला होता. दुसरा उपाय कोणी सुचवला नाही."

बाईंनी फाईल चाळली. एका कागदावर त्या जरा थांबल्या, त्यांच्या ओठांची कड हलली, आणि त्या पटकन पाणी प्यायल्या. "तक्रारदाराचं नाव आणि पत्ता झाकून बाकीची तक्रार अर्जदाराला द्या," त्या म्हणाल्या. "आजच."

रेडिओकाका बाहेर जिन्यावर पहारेकऱ्याला त्याच इमारतीच्या जागेची मूळ हद्द समजावून सांगत होते. चष्मेवालीने खिडकीपाशी प्रत हातात घेतली. नाव आणि पत्त्यावर काळी शाई फासली होती. बाकीचं पत्र स्वच्छ दिसत होतं.

"महोदय, सदर बाकावर एक गृहस्थ रोज सकाळी साडेनऊ ते साडेबारा जमीनमोजणीविषयी बोलत असतात. शेजारी बसणाऱ्या गृहस्थांना गेली सहा वर्षे एकही वाक्य पूर्ण करता आलेले नाही. बोलणारे गृहस्थ अत्यंत सज्जन असून त्यांना दुखवण्याचा हेतू नाही. त्यांना थांबण्यास सांगणे ऐकणाऱ्या गृहस्थांना जमत नाही. तरी कृपया बाक काढण्यात यावा. कोणाचे नाव पुढे येऊ नये ही नम्र विनंती. आपला, एक नागरिक."

मजकूर वाचायच्या आधीच तिने अक्षर ओळखलं होतं. 'श'ला डोक्यावर छोटी शेंडी. असा 'श' तिने दुकानाच्या जुन्या नोंदवह्यांत पानोपानी पाहिला होता. जगात असा 'श' एकच माणूस काढायचा, आणि त्याचा गुडघा आज सकाळपासून दुखत होता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने कागदाची घडी घातली.

"मिळालं?" रेडिओकाका धापा टाकत वर आले. "काय लिहिलंय? दाखव."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे... त्यात एका माणसाची खासगी गोष्ट आहे, काका."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. रेडिओकाका तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, चार महिन्यांत तू यांच्यासारखीच बोलायला लागलीस!"

काका घरी गेल्यावर तिने दुकानात घडी उलगडून बाबांच्या समोर ठेवली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद तसाच होता.

"चार महिने, बाबा!" ती म्हणाली. "चार महिने मी त्या खिडकीवर खेटे घालतेय. आणि हरकत घेणारे तुम्ही?"

"ते पत्र पाठवून विचारायचे, हरकत आहे का. मी लिहायचो, आहे."

"म्हणून पोस्टमनला सामोरे जात होतात! आणि निवेदनावर पहिली सही?"

"पेन त्यांनी हातात दिलं गं. नाही कसं म्हणणार?"

तिला खरं तर संतापायचं होतं. पण बाबांचा चेहरा असा झाला होता की तिला आधी हसूच फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. मशीन बंद करून नवरा बाहेर आला. "काय झालं?" त्याने विचारलं. तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, बापाकडे पाहिलं, म्हणाला, "बाबा, माझ्याकडे आत यायचंत की," आणि परत जाऊन मशीन चालू केलं.

"मला वाटलं, एकदा नाही म्हटल्यावर सोडून देशील," बाबा हळू म्हणाले. "मी सोडून दिलं असतं."

"आता काकांना सांगून टाका."

"ते नाही जमायचं."

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. कागद मिळालाय हे गल्लीभर झालं होतं. इस्त्रीवाली आली, नर्स आली. चष्मेवाली सगळ्यांना एकच सांगत राहिली, तक्रार होती, नाव झाकलंय, बाकीचं सांगता येणार नाही.

"आमच्या सह्या घेतल्यास तेव्हा बरं सांगता येत होतं," इस्त्रीवाली म्हणाली. ते तिला लागलं, कारण ते खरं होतं.

सांगितलं नाही की लोक स्वतःच भर घालतात. संध्याकाळपर्यंत संशय किल्लीवाल्यावर गेला. त्याने मागे एकदा म्हटलं होतं की बाक थोडा सरकवला तर माझ्या पेटीला सावली मिळेल. झालं. इस्त्रीवालीने त्याच्याशी बोलणं टाकलं. नर्सने दवाखान्याच्या कुलपाची नवी किल्ली दुसऱ्या रस्त्यावरून करून आणली. किल्लीवाल्याने किल्ल्या आवरल्या, आणि पेटी घेऊन कोपऱ्याच्या आणखी पलीकडे जाऊन बसला.

बाबा हे सगळं काउंटरमागून बघत होते. रेडिओकाका स्टुलावरून म्हणत होते, "मला पहिल्यापासून त्याच्यावरच संशय होता. सावलीसाठी माणूस काय वाटेल ते करतो. एकदा एका आंब्याच्या सावलीवरून..."

"मी केली तक्रार," बाबा म्हणाले.

"...दोन भाऊ कोर्टात..."

"अहो, तक्रार मी केली!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की मागचं मशीन थांबलं.

रेडिओकाका थांबले. बाबांनी ड्रॉवर उघडून कागद त्यांच्या हातात दिला. रेडिओकाकांनी तो सावकाश वाचला, दुसऱ्यांदा वाचला, घडी घालून काउंटरवर ठेवला आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते असे गेले.

बाबा त्यांच्यामागे गेले नाहीत. ते आधी कोपऱ्याच्या पलीकडे गेले, किल्लीवाल्याची माफी मागितली, आणि त्याची पेटी स्वतः उचलून जुन्या जागी आणून ठेवली. वाटेत इस्त्रीवालीलाही सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून एवढी हसली की तिने एका शर्टाची बाही जाळली.

चार दिवस रेडिओकाका आले नाहीत. दुकानात घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. बाबांनी वर्तमानपत्र पूर्ण वाचलं, छोट्या जाहिरातींसकट. ज्या शांततेसाठी त्यांनी एवढा उपद्व्याप केला होता ती आता काउंटरवर समोरासमोर येऊन बसली होती, आणि तिच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"जाऊन या," सून म्हणाली.

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगणार? मी त्रयस्थ."

रेडिओकाकांचं घर दोन रस्ते पलीकडे होतं. सहा वर्षांत बाबा तिथे एकदाही गेले नव्हते. बोलण्यात तशी फटच पडली नव्हती. दार उघडलं रेडिओकाकांनी. आत दोन खुर्च्या, एक टेबल, गुंडाळलेल्या नकाशांची चळत. दुसऱ्या खुर्चीवर कपडे वाळत घातले होते, म्हणजे त्या खुर्चीवर बसायला कोणी येत नव्हतं. रेडिओकाकांनी कपडे उचलले.

बाबा त्या खुर्चीवर बसले.

"सांगायचं होतंत," रेडिओकाका म्हणाले.

"तुम्ही थांबाल तेव्हा ना."

रेडिओकाका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाबांना आधी वाटलं रडतायत. ते हसत होते. "सहा वर्षं?" ते म्हणाले. "एकही वाक्य नाही?"

"एक झालं होतं. 'साडेबारा वाजले' एवढं."

"घरी आल्यावर बोलायला कोणी नसतं हो," रेडिओकाका म्हणाले. "म्हणून सकाळीच दिवसभराचं बोलून घ्यायचो." मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले. "बरं, आज तुम्ही बोला. मी गप्प."

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांनी पाळी आली तर सांगायला काही सापडेना. मग आठवलं. त्यांनी आयुष्यात बनवलेला पहिला चष्मा स्वतःच्या आईसाठी होता, आणि त्यात डाव्या उजव्या काचांची अदलाबदल झाली होती. आईने तो वर्षभर वापरला, जिन्यावर दोनदा पडली, आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून एका शब्दाने बोलली नाही.

"मग?" रेडिओकाका पुढे सरकले. "तुम्हाला कळलं कसं?"

बाबा सांगत गेले. रेडिओकाकांनी मध्ये फक्त दोनदा तोंड घातलं, आणि दोन्ही वेळा स्वतःच स्वतःला आवरलं.

पुढच्या आठवड्यात बाबांनी स्वतःच्या नावाने, पत्त्यासकट, नगर कार्यालयाला कळवलं की तक्रार मी मागे घेत आहे, आसन परत बसवावं. कारकुनाने अर्ज वाचला, 'श'कडे पाहिलं, चष्मेवालीकडे पाहिलं, आणि काही न विचारता शिक्का मारला. नवं आसन यायला नऊ आठवडे लागले. ते निळं आलं आणि चुकून दोन दुकानं पलीकडे, किल्लीवाल्याच्या पेटीजवळ बसवलं गेलं. तिथून दवाखान्याची पाटी जरा तिरपी दिसते, पण वाचता येते. का तिथे बसवलं हे विचारायला कोणी गेलं नाही.

दोघं आता तिथे बसतात. रेडिओकाका बोलतात, पूर्वीइतकंच. फरक एवढाच की अकरा वाजले की बाबा उठतात आणि म्हणतात, "बास. आता मी जातो." पहिल्या दिवशी हे म्हणून ते सुनेला सांगायला धावत दुकानात आले होते. दुसऱ्या दिवशी ते चालत आले.